सुभद्राबायचा आयतवार

भांडण शेपटीवरनं सुरू झालं. बांगड्याच्या शेपटीवरनं.

धोंडूच्या ताटात लागोपाठ तिसऱ्या आयतवारी शेपटीकडचा तुकडा आला आणि तो पंगतीतनं उठून उभा राहिला. सहा फुटी गडी, उभा राहिला की खोलीतला दिवा त्याच्या टाळूला घासायचा. वाढणारा मी. माझ्यावर बोट रोखून म्हणाला, शिवा, तू मुद्दाम करतोस. मी म्हटलं, बांगडा काय मी घडवला नाय. त्याला देवानं डोकं एकच दिलंय आणि ते मास्तरांच्या ताटात गेलंय. सरकारपुढं बोलायला डोकं लागतं. तुला माग चालवायला शेपटी पुरे.

पंगत हसली. मास्तरपण हसले, पण दमून हसले.

ही खोली म्हणजे सुभद्राबायची खाणावळ. लालबागात, गिरणीच्या मागच्या चाळीत, तळमजल्याला. आमी बावीस जण तिथं जेवायचो. सगळे कोकणातले, बायकापोरं गावाला. गावात एकमेकांच्या मळ्यातली वांगी चोरणारे हितं एका रांगेत मांडी घालून बसायचे, एवढाच फरक. पयल्या पाळीवाल्यांची भाकरी सकाळी सहाच्या आत तयार लागायची, दुसऱ्या पाळीवाला मध्यरात्र उलटल्यावर पोट घेऊन यायचा. मधे जी काय झोप सापडंल ती बायची. जोडीला भाकऱ्या थापायला मालन, दुसरं कोण नाय. आयतवारी गिरणी बंद, आमी मोकळे, म्हणजे बायचं काम दुप्पट. मासे, भात, सोलकढी, दोन-दोन पंगती. चूल मागच्या बाजूला, मधे पत्र्याचा आडोसा. आडोशावरनं बायचा हात यायचा, हातात पातेलं असायचं. बाय स्वतः क्वचित दिसायची.

आणि मास्तर म्हणजे आमचे जयवंत मास्तर. रात्रशाळेत आमाला सही शिकवली ती त्यांनी. सत्तावन साली समितीनं त्यांना विधानसभेला उभं केलं, आमी घसा फोडून त्यांना निवडून आणलं. निकालाच्या दिवशी मास्तर मैदानात म्हणाले, सभागृहात आठवडाभर काय झालं ते दर आयतवारी येऊन तुमाला सांगीन. बाकीचे असं बोलून इसरतात. मास्तर इसरले नाय, तिथंच सगळा घोळ झाला.

पयल्या आयतवारी मैदान भरलं. चौथ्या आयतवारी पन्नास माणसं. गणपतीपर्यंत तीन उरली, त्यातली दोघं पत्ते खेळायला आलेली. मग मास्तरांनी आपलं सांगणं खाणावळीत आणलं. ताट पुढ्यात असल्यावर माणूस जातो कुठं? डाव्या हातात कागद धरायचे, उजव्या हातानं भात कालवायचे नि सांगायचे. चाळींच्या दुरुस्तीचा ठराव मांडला. पडला. बदली कामगारांचा मांडला. पडला. मुंबईसह महाराष्ट्राचा विषय काढला, पाच तास चर्चा झाली. पडला.

सांगायचं म्हणून सांगतो, मी काय साधा माणूस नाय. मास्तर "पडला" म्हणाले की माझ्या हातातली पळी मी मुद्दाम खाली टाकायचो. ठण्. एका आयतवारी सात वेळा ठण् झालं. पंगत ठसका लागेपर्यंत हसायची. मास्तर चष्म्यावरनं बघायचे, म्हणायचे, शिवा, बहुमत त्यांचं आहे रे, मी तरी काय करू. आणि परत कागदात डोकं.

एकदा आषाढात मास्तर आले ते धुतलेलं धोतर नेसून. बसायच्या आधी म्हणाले, "आज पळी टाकायची नाही, शिवा. आज पास झालं."

हॉटेलात राबणाऱ्या माणसांना आठवड्यातनं एक दिवस सक्तीची सुट्टी, असा कायदा सरकारनंच आणला होता. मास्तर उठून म्हणाले, हॉटेलं घेतलीत ते बरं केलंत, पण आमच्या गिरणगावात खाणावळी आहेत, तिथं राबणारी माणसं नाहीत का? त्यांना पण घ्या. आणि काय झालं देव जाणे, मंत्री म्हणाला, घेतो. वर्षभरात मास्तरांचं एक वाक्य कायद्यात शिरलं. दर आयतवारी खाणावळ बंद, चूल बंद, दिवाळीनंतर लागू.

आमी ताटं बडवली. समितीचा जयजयकार केला. आडोशापलीकडनं बायनं विचारलं, भात होयो काय? आमी म्हटलं, होयो. हात आला, भात आला.

आपण नक्की काय पास करून घेतलं, ते बावीस जणांत एकाच्याही डोक्यात शिरलं नाय. मास्तरांच्यापण नाय. त्यांना आपलं पास झाल्याचंच कौतुक. शिरलं ते माझ्या, दिवाळीच्या आधी चार दिवस, गिरणीच्या खात्यात कापडाच्या घड्या मोजता मोजता. मी एकटाच हसायला लागलो. बाजूचा म्हणाला, याला भूत लागलं.

मी धोंडूला गाठलं. धोंडू गावाकडं दशावतारात राजाचं सोंग घ्यायचा. आवाज असा बदलायचा, की सख्खी आई पुढ्यात बसून ओळखायची नाय. त्याला म्हटलं, तुला मास्तरांवर शेपटीचा सूड घ्यायचाय ना? मग लाँड्रीतनं एक कोट उचलला, कुणाचा ते विचारू नका. एक काळी टोपी, जाड काड्यांचा चष्मा, वरच्या ओठावर राजाच्या मिशा कापून बारीक केलेल्या, आणि खात्यातलं एक जुनं रजिस्टर. सरकारी इन्स्पेक्टरचं सोंग तयार. फक्त चपला घावल्या नायत. धोंडूच्या पायाच्या मापाच्या चपला अख्ख्या लालबागात नव्हत्या, त्याच्या स्वतःच्या तुटलेल्या. म्हटलं, पायाकडं कोण बघतो?

दिवाळीनंतरचा पयला आयतवार. थंडी पडायला लागलेली, चाळीच्या चौकात उन्हाचा एकच पट्टा. पंगत बसली. मास्तरांनी कागद काढला, एक ठराव पडला, माझी पळी पडली, आणि दारात काळोख झाला.

"खाणावळीचा चालक कोण?" धोंडूनं असा आवाज काढला, की मीसुद्धा एक पाऊल मागं सरकलो. "आज रविवार. कायद्यानं चूल बंद पाहिजे. कोण कोण जेवतंय, एकेकाचं नाव सांगा."

सगळ्यांचे हात ताटात थिजले. आमच्यातला जगदीश, तो ऑफिसात टायपिस्ट, घास तसाच तोंडात ठेवून भिंतीला सरकला. मी मास्तरांकडं बघत होतो. मला वाटलेलं, आता हे चाचरतील, मी आमदार आहे म्हणून सांगतील, नायतर बांगडा कागदाखाली लपवतील. मग मी हसणार, धोंडू टोपी काढणार, पुढली दोन वर्षं आमाला सांगायला गोष्ट.

मास्तर उठले. खरकटा हात पुढं धरून, कागदासारखे पांढरे झालेले.

"माझं नाव पहिलं लिहा," म्हणाले. "हे कलम मीच मागून घेतलं. मागितलं, आणि इथं येऊन जेवायला बसलो. मला आठवणसुद्धा झाली नाही."

ते अशा आवाजात बोलले, की मला हसायला आलं नाय. मला न येता बाकीच्यांना कुठनं येणार?

तेवढ्यात पत्र्याचा आडोसा सरकला आणि सुभद्राबाय बाहेर आली. पदरानं हात पुसत. मी तिला इतक्या उजेडात कितीतरी दिवसांनी बघत होतो. डोळे चुलीच्या धुरानं लाल, पायांच्या टाचा भेगाळलेल्या. ती धोंडूपुढं उभी राहिली. त्याच्या छातीला लागत होती.

"काय म्हणतास? सुटी? कोणाक?"

धोंडू सोंगातनं बाहेर येईना, नायतर त्याला बाहेर यायची वाट सापडंना. म्हणाला, खाणावळीत राबणाऱ्या प्रत्येकाला. आठवड्यातनं एक दिवस.

जगदीशला आता कंठ फुटला. बाय, तू कशाला घाबरतेस, म्हणाला, ते नोकरमाणसासाठी असतं. तू मालकीण.

"मी मालकीण?" बाय त्याच्याकडं वळली. "मालकीण बसान खाता रे. बावीस ताटां कोण घासता, तुजी आवस?"

आई काढल्यावर जगदीश परत भिंतीला सरकला. बायनं मग मास्तरांना विचारलं, "मास्तरानू, ह्यो सांगता ता खरा?"

"खरं आहे, बाई."

"आणि ह्या कधी ठरला?"

मास्तर म्हणाले, आषाढात. म्हणाले, इथंच सांगितलं होतं मी, पंगतीत.

 बायनं पंगतीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत एकेकाचं तोंड बघितलं. माझ्यावर आली तेव्हा मी खाली बघितलं.

"माज्यासाटी कायदो झालो," ती म्हणाली, "आणि माका एकान सुदीक सांगूक नाय. भात होयो म्हणान सांगलात."

ती आत गेली. आमाला चर्र आवाज आला, मग आडोशावरनं पांढरा धूर वर आला. तिनं चुलीवर पाण्याची कळशी ओतली होती. दुसरी पंगत व्हायची होती, अर्धा भात कच्चा होता.

मी आत धावलो. म्हटलं, बाय, थट्टा होती गो, इन्स्पेक्टर कुठला, हा आपला धोंडू. धोंडूला ओढून त्याची टोपी काढली, मिशी उपटली, त्याचे डोळे पाण्यानं भरले. म्हटलं, बघ. माझं काम सगळं, वाटलं तर मला मार.

बाय विझलेली लाकडं चुलीतनं बाहेर ओढत होती. मानसुद्धा वर केली नाय.

"धोंडू असा ता माका तो दारात इलो तेवाच कळला. तेचो आंगठो वळाकतंय मी, रोज हयसर पाय पसरून बसता." मग तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "धोंडू खोटो. कायदो खरो ना?"

 मी आयुष्यात पुष्कळांना गप्प केलंय. मला गप्प करणारी ती एकच.

मालननं तवा पालथा घातला. मी म्हटलं, बाय, आयतवारी जेवण नाय मिळालं तर निम्मे जण कोपऱ्यावरच्या खाणावळीत जातील, तुझंच नुकसान. ती म्हणाली, "जातले तेंका जांव दे. थयसर पण एक बाय असतली. तेकापण कोणीतरी सांगा." आणि खाणावळीच्या एकोणीस वर्षांत पयल्यांदा आयतवारी दुपारी ती आपल्या दारात, उन्हाच्या त्या पट्ट्यात, पाय सोडून बसली. उठवायची कुणाची छाती झाली नाय.

तिघं गेले कोपऱ्यावर. दोन आयतवारांत परत आले, तिथंपण चूल बंद झालेली. तो निरोप मास्तर स्वतः जाऊन सांगून आले होते.

तेव्हापासनं आयतवारचं रांधायचं काम आमच्यावर. सगळ्यांनी मिळून मला शिक्षा दिली, मासे साफ करायची. चौकात शेगड्या मांडायच्या. खाणावळ बंद, चूल बंद, त्यामुळं कलमाला धक्का नाय, असं मास्तर म्हणतात. धोंडू भात करपवतो. जगदीश कांदा चिरताना आईच्या नावानं रडतो. मास्तर सोलकढीसाठी नारळ खवतात आणि खवता खवता आठवड्याचं सांगतात, कारण त्यांनी शब्द दिलाय. भेगाळलेल्या टाचांना तेल लावून बाय दारात बसते. तिनं ठरवलंय, आता आपण सगळं ऐकायचं, न जाणो आणखी काय आपल्यासाठी पास झालेलं असंल नि हे मेले सांगायचे नायत.

आमच्या रांधण्याच्या पयल्या आयतवारी तिनं ऐकलं ते किती? मास्तरांनी कागद उघडला, "मंगळवारी सभागृहात" म्हणाले, आणि बाय दाराच्या चौकटीला डोकं टेकून झोपली. तोंड उघडं, हातात तेलाची वाटी तशीच. मालननं ती हळूच काढून घेतली.

मास्तरांनी आवाज उतरवला. इतका, की आमाला शेगडीजवळनं पुढं सरकावं लागलं. म्हणाले, मुंबईचा ठराव परत मांडला. शेगडीतली राख उडून भातावर बसत होती, धोंडू ती फुंकर मारून उडवत होता.

"पडला," मास्तर म्हणाले.

माझ्या हातात पळी होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी खाली वाकलो आणि ती आवाज न करता फरशीवर ठेवली.