मालकाच्या खिशातली किल्ली

बुंदीचा वास आला की मला आजही मळमळतं. गावात लोक म्हणतात, जोतीरामला साखर झाली असणार, म्हणून लग्नाच्या पंगतीतून उठतो. साखर-बिखर काही नाही. शहात्तर सालच्या वैशाखात विट्याच्या अलीकडच्या एका गावात जे बघितलं ते अजून घशाशी येतं, एवढंच.

सोळा वर्षं मी लष्करात ट्रक चालवला. पेन्शनवर आलो आणि माझा थोरला चुलतभाऊ लालासाहेब याची मोटार चालवायला लागलो. तोंडावर मी त्याला दादा म्हणायचो, अहो-जाहो करायचो. आता इथं करणार नाही. कराडजवळ नदीकाठी त्याचा ऊस, आणि दारात ती बोजड पांढरी मोटार. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर गाडी मिळायची, आणि मिळेल त्याला तीच मिळायची. सगळ्यांचा रंग तोच, खिडक्यांना तसलेच पडदे, सीटवर तसलाच टॉवेल. दाराला, डिकीला आणि गाडी सुरू करायला एकच किल्ली.

लालासाहेबाची मुलगी बनू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मला तात्या म्हणायची. मला मूलबाळ नाही, त्यामुळं तिचं तात्या म्हणणं मी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. तिला विट्याकडचं स्थळ आलं. मुलाचे वडील कृष्णातराव, दक्षिणेत कुठंतरी मोठ्या शहरात सोनं गाळायची पेढी, गावात स्लॅबचा बंगला. मुलगा ज्ञानदेव, दिसायला नीटनेटका. मुलगी बघून झाली, पसंती झाली आणि सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्यात चार लोकांसमोर सुपारी फुटली की लग्न झाल्यातच जमा. त्यानंतर मागं सरणाऱ्याला तोंड लपवून हिंडावं लागतं. सुपारी मुलाच्या दारात होती, म्हणून आम्ही पुरुष माणसंच गेलो. मी, लालासाहेब आणि भावकीतले दोन म्हातारे.

दहाच्या सुमाराला पोचलो. ऊन तापलं होतं, म्हणून मी गाडी बंगल्याच्या मागं चिंचेखाली लावली. तिथं कृष्णातरावांचा ड्रायव्हर हरिबा भेटला. कवठे महांकाळकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, माझ्याच वयाचा. आम्ही दोघांनी तंबाखू मळली. माणूस बोलायला बरा होता, पण सारखा मागं वळून बंगल्याकडं बघत होता. मला वाटलं, मालकाची हाक ऐकू यावी म्हणून बघत असेल.

समोरच्या मांडवात बुंदीच्या ताटल्या फिरल्या, चहा झाला. साडेअकराला लालासाहेबानं मला खुणावलं. मानाचा फेटा आणि नारळ असलेली पिशवी गाडीतच राहिली होती. मी चिंचेखाली गेलो. पांढरी गाडी जिथं लावली होती तिथंच उभी. किल्ली घातली, ती जरा अडखळली आणि फिरली. दार उघडलं मात्र, आंबूस उलटीचा भपकारा नाकात शिरला.

मागच्या सीटवर एक बाई बसली होती. सगळे पडदे ओढलेले, काचा वर, आणि त्या भट्टीत ती अंग चोरून, पदराचा बोळा तोंडावर धरून बसलेली. पदरातच ओकली होती. मी संतापलो. आमच्या गाडीत ही कोण शिरली? मग समोर नजर गेली. आमच्या गाडीतला गणपती नव्हता, तिथं बालाजीची तसबीर होती. म्हणजे गाडी आमची नव्हती. किल्ली मात्र माझ्या हातातली, आमचीच.

"कोन तुमी?" मी विचारलं.

"म्या भाईर आले न्हाई," ती घाईघाईनं म्हणाली. "तेस्नी सांगा, म्या गप बसलीया. सांगितलं तशीच बसलीया. माजी पोरगी तेवढी द्या म्हनावं."

मी मागचं दार उघडलं, पडदा सारला. पंचविशीची असेल. गळ्यात मंगळसूत्र होतं. अडखळत तिनं जे सांगितलं ते असं. तिचं नाव शालू, आणि ती या घरची सून. ज्ञानदेवाची बायको. पहिल्या बाळंतपणात मुलगी झाली, शालूचा जीव वाचवायला डॉक्टरांनी गर्भपिशवी काढली. आता मुलगा होणार नाही हे कळल्यावर तिला माहेरी ठेवली ती तीन वर्षं आणायला कुणी फिरकलंच नाही. आज सुपारी आहे हे कुणाकडून तरी कळलं, तेव्हा मुलीला कडेवर घेऊन ती पहिल्या एस.टी.नं येऊन दारात उभी राहिली. कृष्णातरावांनी मुलीला आत नेलं आणि हिला गाडीत घातलं. सुपारी फुटेपर्यंत आवाज केलास तर पोरगी परत दिसायची नाही, असं सांगून. आतून दार उघडून ती केव्हाही पळाली असती. पण पोरगी आत होती.

एवढ्यात हरिबा पाण्याचा तांब्या घेऊन आला. मला बघून थबकला.

"कसं उघडलंसा?"

"माज्या किल्लीनं."

त्याला नवल वाटलं नाही. "माजीबी तुमच्या गाडीला चालली. कुलपं झिजली की कुनाचीबी चालती. मालक म्हनाले, हिला मागं आडोशाला ठिव. जागा न्हवती, तवा तुमची गाडी म्याच काढून फुडं वडाखाली लावली." त्यानं शालूला पाणी दिलं. ती घटाघट प्याली. "तास हून गेला, पाव्हणं. ह्या हातानं कुलूप घातलं म्या. ह्याच हातानं आता जेवायचं."

मी तसाच मांडवात गेलो. सुपारी ताटात ठेवली होती, अडकित्ता शेजारी. अजून फुटली नव्हती. लालासाहेबाला मी बाजूला घेतलं. आधी सांगतो, मला त्या क्षणी त्याची दया येत होती. बिचाऱ्याला केवढा धक्का बसणार म्हणून.

"दादा, सुपारी फोडू नगासा. पोराचं लगीन झालंय. पयली बायकू गाडीत कोंडून घातलीया तेंनी."

लालासाहेबानं इकडंतिकडं बघितलं. त्याच्या मिशीत बुंदीचा एक दाणा अडकला होता.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हळू बोल. तिला काय आता मूल व्हायाचं न्हाई. म्हंजी ती असून नसल्यागतच की. घर बनूचंच हुईल."

"बनूला सांगितलंय?"

"पोरीला काय सांगायचं असतंय रं? तिच्या भावाला कृष्णातराव पेढीवर घ्याला लागल्यात. दोनदा मॅट्रिकला गचकलंय बेनं. का ऱ्हाऊ दे तसंच उंडग्या मारत?" मग त्यानं हात पुढं केला. "किल्ली दे हिकडं. फेटा मागनं दिऊ. आन् गप मांडवात जाऊन बस."

मी किल्ली दिली. सोळा वर्षं हुकूम पाळायची सवय, हात आपोआप पुढं गेला. त्यानं ती कोटाच्या आतल्या खिशात टाकली, मिशीवरून जीभ फिरवली, तो दाणा खाल्ला आणि ताटाशी जाऊन बसला. मला त्याच्या त्या जिभेची शिसारी आली. एक मुलगा धड निघाला नाही म्हणून मुलगी देऊन त्याची सोय लावायची, आणि वर फेटे बांधायचे. आणि माझी स्वतःचीही शिसारी आली. आठ वर्षं मी या माणसासाठी दार उघडलं होतं.

बंगल्याच्या सोप्यात तीन वर्षांची एक मुलगी बुंदीची ताटली घेऊन एकटीच बसली होती. तोंड, हात, झगा सगळं पाकानं चिकट. ज्ञानदेव टेरिलिनची नवी पँट घालून आतून आला. पोरीनं वर बघितलं आणि त्याच्याकडं हात केले. बाप म्हणून नव्हे, तिला तो ठाऊकच नव्हता. कुणीतरी उचलून घ्यावं एवढंच तिला हवं होतं. त्यानं पँटीला हात लागू नयेत म्हणून पाय मागं घेतला आणि वळसा घालून मांडवात गेला.

मी तिला उचलली. कुणी हटकलं नाही. पाव्हण्यानं पोर उचललं तर त्यात कुणाला काय वाटणार? सगळ्यांचे डोळे सुपारीकडं होते.

चिंचेखाली आलो. पोरगी आईला बिलगली. आता निघायचं कसं, हा प्रश्न होता, कारण माझी किल्ली लालासाहेबाच्या खिशात. हरिबानं न विचारताच आपली किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"तुमचीच गाडी घ्या. आमची घेतलीसा तर चोरीचा आळ येईल."

"तुजी नोकरी जाईल, गड्या."

"म्हनीन, हरवली. न्हाई पटलं तर जाऊं दे. घरी मेंढरं हाईत. लेंड्या झाडीन, पर हे नगं."

वडाखाली आमची गाडी होती, समोर गणपतीही होता. हरिबाच्या किल्लीनं दार उघडलं, इंजिन लागलं. शालूला आणि मुलीला मागं बसवलं. गाडी वळवत होतो तेवढ्यात मांडवात टाळ्या वाजल्या. सुपारी फुटली होती.

मोठा रस्ता लागल्यावर शालूनं विचारलं, "कुटं न्हेताय मला?"

"कराडला. तुज्या सवतीकडं. जी हुनार हाय तिच्याकडं."

तिनं पोरीला जवळ ओढलं आणि दाराच्या मुठीवर हात ठेवला. माझ्या लक्षात आलं, की मीसुद्धा तिला न विचारताच गाडीत घालून निघालोय. लाज वाटली. मी गाडी बाजूला घेतली.

"तुला म्हायेरी सोडतो," मी म्हणालो. "न्हाईतर माज्यासंगं यायचं आन् तुज्या तोंडानं तिला सांगायचं. माजं कोन ऐकनार न्हाई. ड्रायव्हर माणूस मी. काय करायचं ते तू सांग."

"चला," शालू म्हणाली. "सांगते तिला. दुसरी कुनी असल्या गाडीत बसाय नगं."

तीनच्या पुढं घरी पोचलो. बनू परसात कपडे वाळत घालत होती. मी फक्त एवढंच म्हणालो, "ही ज्ञानदेवाची बायको. हिचं ऐक." दोघी चुलीपाशी बसल्या. शालूनं काही लपवलं नाही, वाढवलंही नाही. बनूची आई, मनुवहिनी, दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. बनूनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. वहिनींनी मान खाली घातली, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. आता सुपारी फुटली गं बाय, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मी अंगणात जाऊन थुंकलो. बनू मात्र रडली नाही. तिनं शालूला धुतलेलं लुगडं दिलं, तिच्या मुलीला न्हाऊ घातलं आणि भाकरी थापायला बसली.

सहाच्या एस.टी.नं लालासाहेब आला. धुळीनं भरलेला, फेटा बगलेत, मागं भावकीतले दोघे म्हातारे. गाडी दारात बघून तो माझ्या अंगावर धावला.

"चोरा! किल्ली ही बघ माज्या खिशात! गाडी न्हेलीस कशी? शंभर मानसांत नाक कापलंस माजं! ती बया कुटं हाय?"

"घरात हाय," आतून आवाज आला. बनू बाहेर आली. कडेवर शालूची मुलगी होती, हातात भाकरीचा तुकडा धरून. "जेवतीया. आरडू नगा, पोर भितंय."

"तू आत हो. तुला काय कळतंय? सुपारी फुटलीया!"

"कुनी फोडली, आबा?"

"म्या फोडली! माज्या हातानं फोडली!"

"मग नांदायबी तुमीच जावा," बनू म्हणाली. "तात्या सोडून येतील."

भावकीतला एक म्हातारा फस्सकन हसला आणि मग खोकल्याचं सोंग करायला लागला. दुसऱ्यानं तेवढंही केलं नाही. लालासाहेब मदतीसाठी माझ्याकडं वळला.

मी उठलो आणि मोटारीचं मागचं दार उघडून धरलं.