मुरलीधर सरांचं शेवटचं गणित

मुरलीधर सर जाऊन महिना झाला, तेव्हा डब्लिनच्या मराठी मंडळाने त्यांच्या मेसेजेसची पुस्तिका काढायचं ठरवलं. छापायच्या आधी सचिव उपेंद्र कच्ची प्रत घेऊन डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला सरांच्या मुलीकडे, देवयानीकडे आला. नागपूरला तीस वर्षं गणित शिकवून सर लेकीकडे राहायला आले होते आणि रोज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर चार ओळी लिहीत. अडीचशे घरांत त्या चहाबरोबर वाचल्या जात.

देवयानी शेवटच्या पानावर थांबली. एका चॅनेलवरचा व्हिडिओ पाहून सरांनी लिहिलं होतं : नाझींच्या छावण्यांत प्रेतं जाळायच्या भट्ट्या इतक्या, दिवस इतके. मग साठ लाख ज्यू मारले गेले, हे कसं शक्य आहे? भागाकार तुम्हीच करा.

"हे नको," ती म्हणाली.

"अगं, सगळ्यात गाजलेला मेसेज तो! मंडळातला जयेश म्हणाला, सरांनी इतिहासवाल्यांचा त्रिफळा उडवला."

हा मेसेज तिने तेव्हाच वाचला होता. बाबांची केमो चालू होती. बरं वाटलं की बोलू, म्हणून ती गप्प बसली. बरं वाटलंच नाही. आता पान काढलं, तरी अडीचशे घरांत ते गणित बरोबरच राहणार होतं.

"थांब, काढू नकोस. छाप. पण खाली माझं उत्तर छाप."

"उत्तर कसलं?"

"भागाकार बरोबर आहे, दिलेली माहिती खोटी आहे. निम्म्याहून जास्त माणसं त्या भट्ट्यांपर्यंत पोचलीच नाहीत. खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घातल्या, कोंडून उपाशी मारलं. मारणाऱ्यांचेच कागद आहेत तसे."

"असेल. पण युरोपातल्या जुन्या गोष्टी, आपल्याला काय करायचंय?"

तिने तेच चॅनेल उघडून फोन त्याच्यापुढे धरला. कालचा व्हिडिओ होता. डब्लिनमधल्याच टॅलाचा बसस्टॉप, ड्यूटीवरून परतणाऱ्या भारतीय नर्सेस, चेहऱ्यांभोवती लाल वर्तुळं. खाली मथळा : यांना परत पाठवा.

"ही... आपल्या मंडळातली संध्या ना?"

"हो. पण संध्या त्यात नसती, तरी ते खोटंच असतं, उपेंद्रदादा. माझं नाव घालून छाप. मुरलीधर सरांची मुलगी, असंही लिही."

उपेंद्रने प्रत मिटली. "सरांना आवडलं नसतं हं."

"नसतंच आवडलं. चार दिवस बोलले नसते माझ्याशी. पाचव्या दिवशी वही घेऊन आले असते, कुठे चुकलं ते दाखव म्हणून."

मग तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि पहिलं वाक्य लिहिलं : माझे बाबा इथे चुकले.

ते तिने पुन्हा वाचलं. एक शब्दही बदलला नाही.