घासून न जाणारं काळं

मी अंग घासायचा एक जुना दगड आहे. हसलात ना? हसा बापडे! पण मित्रांनो, तळहातात मावणाऱ्या ह्या छिद्राछिद्रांच्या दगडाने जेवढी माणसं लख्ख केली, तेवढी तुमच्या वासाच्या साबणानेही केली नसतील.

माझा जन्म धारूरच्या डोंगरातला. ओढ्याच्या पाण्याने माझे कोपरे गोल केले, पण अंगाचा खरबरीतपणा तसाच ठेवला. एकदा वनमालाबाई तिथे धुणं धुवायला आल्या. त्यांनी मला उचललं, टाचेवर घासून पाहिलं आणि म्हणाल्या, "लई कामाचा हाय ह्यो!" तेव्हापासून मी त्यांचा झालो.

वनमालाबाई आणि त्यांचे मालक आसाराम दरसाल ऊसतोडीला जायचे. भांड्यांच्या गाठोड्यातून मीही जायचो. पाला पेटवून दिलेला जळीत ऊस तोडून आलं, की बाई ओळखू येत नसत, इतक्या काजळीने माखलेल्या असत. कोपीच्या, म्हणजे तिथल्या झोपडीच्या मागे उसाच्या पाचटाचा आडोसा, बादलीभर पाणी आणि मी! बाई मला दाबून घासायच्या, काळं पाणी वाहून जायचं आणि खालून गव्हाळ बाई निघायच्या. शेजारच्या कोप्यांतल्या बायका मला मागून न्यायच्या. "वनमालाचा दगड म्हंजी दगड!" असं म्हणायच्या. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू! आयुष्यात मी एकच धडा शिकलो होतो. काळं दिसलं की घासायचं.

गेल्या वर्षी बाईंच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर म्हणे. ऑपरेशन झालं. मग डॉक्टर म्हणाले, आता शेक, रेडिएशन का काय म्हणतात तो, द्यावा लागेल, म्हणजे दुखणं मुळापासून जाईल. आसाराम भावाला घेऊन ऊसतोडीला गेले आणि बाई घाटनांदूरला लेकीकडे, दीपमालाकडे राहायला आल्या. त्यांच्या गाठोड्यातून मीही आलो. तिथून मायलेकी रोज बसने शहरातल्या दवाखान्यात जायच्या.

शेक म्हटल्यावर मला वाटलं, विटेचा असेल, मिठाच्या पुरचुंडीचा असेल. पण बाई सांगायच्या, "नुसतं निजायचं. मशीन गुरगुरतंय, अन् झालं. चटका न्हाई, कायबी न्हाई." विस्तव नाही आणि शेक? शिवाय मशीनची जागा चुकू नये म्हणून छातीवर शाईने रेघा ओढलेल्या, आणि त्या म्हणे पुसायच्या नाहीत! माझं तर डोकंच चालेना.

दीपमालाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माय, सिस्टरनं सांगितलंय. तिथं घासायचं न्हाई. कोमट पाणी घ्यायचं, साबण नुसत्या हातानं लावायचा अन् मऊ फडक्यानं टिपायचं." बाई हो हो म्हणाल्या. मी न्हाणीच्या कोपऱ्यात कोरडा पडून राहिलो. मला एवढा राग आला म्हणून सांगू!

दोन-तीन आठवडे गेले आणि काखेपासून खाली कातडी काळी पडू लागली. शेजारच्या कडूबाई डोकावून म्हणाल्या, "हळद अन् तेल चोळ, निघंल समदं." दीपमालाने हात जोडले. "मावशी, दवाखान्यात इचारल्याबिगर कायबी लावायचं न्हाई." कडूबाई फणकारत गेल्या. पण बाईंच्या डोक्यातून ते काळं काही जाईना. येता-जाता पदर सारून बघायच्या.

एका दुपारी लेक दळण घेऊन गिरणीवर गेली. बाईंनी न्हाणीचं दार लावलं आणि मला उचललं. अहाहा! आली म्हटलं शेवटी आठवण! बाईंनी घासलं. काळं जाईना. जोर लावला, मीही लावला. पाणी मात्र नितळच वाहत होतं. असं कसं? काजळी कुठे गेली? एवढ्यात बाई "आई गं!" म्हणून कळवळल्या आणि पाण्यात लाल रंग दिसला. मी त्यांच्या हातातून निसटलो.

मी तोच, हात तोच, अंग तेच. मग हे झालं काय? मला काही उमगेना.

संध्याकाळी दीपमालाला चोळीवर डाग दिसला.

"माय, हे कावून केलंस गं?"

"जळीत उसाचं निघतंय, मला वाटलं हे बी निघंल." बाईंना रडू फुटलं. "पण पोरी, दवाखान्यात सांगू नगंस. शेक बंद केला, तर आत राहिलेलं पुन्हा उठंल. मंग मी काय करू?"

"न्हाई सांगितलं तर चिघळंल. मंग खरंच बंद करत्याल," दीपमाला म्हणाली. तिने मला उचलून न्हाणीतल्या पाण्याच्या टाकीमागे भिरकावलं. माझी काय चूक, हे विचारायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी दवाखान्यातून येऊन बोलत होत्या, ते सगळं मी टाकीमागून ऐकलं. तिथल्या सुनिता सिस्टर रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या होत्या, "मावशी, हे वरून बसलेलं काळं न्हाई. शेकानं कातडी भाजल्यागत होऊन काळी पडलीया. तिला चोळायचं न्हाई, जपायचं. खाजलं, झोंबलं, की त्याच दिवशी मला सांगायचं." पुसट रेघा पुन्हा ओढल्या होत्या. डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि कातडी सावरेपर्यंत शेक थांबवला होता.

ते दिवस फार वाईट गेले. बाई उंबऱ्यापाशी बसून राहायच्या. "माझ्याच हातानं घात केला मी," म्हणायच्या. दीपमालाने त्यांना जुनी, सैल, सुती चोळी घातली. पावडर नाही, तेल नाही, सांगितलं तेवढंच मलम. उन्हात निघाल्या की पदर अंगभर. मी चक्रावून गेलो. कुणी घासत नाही, चोळत नाही, आणि कातडी आपली भरून येतेय! बसून राहण्यालाही काम म्हणतात का?

शेक पुन्हा सुरू झाला. आता जरा चुरचुरलं, तरी बाई सिस्टरांना सांगायच्या.

परवा शेवटचा शेक झाला. न्हाणीत दीपमाला कोमट पाणी ओतत होती. बाईंनी उघडा तळवा त्या काळ्या जागेवर ठेवला, हलकेच फिरवला आणि हुंदका दिला. मला वाटलं, दुखलं! पण बाई म्हणाल्या, "कातडी शाबूत हाय गं पोरी. शेक बी समदे झाले." मग दोघी एकमेकींना धरून रडल्या.

मित्रांनो, कोणतं काळं घासायचं आणि कोणतं जपायचं, हे मला अजून ओळखता येत नाही. कसं येणार? आम्ही दगड! तुमच्या घरात कुणाचा शेक चालू असेल, तर मला लांब ठेवा, आणि हळद-तेलालाही थांबवा. काही लावायच्या आधी, काही पुसायच्या आधी, दवाखान्यात विचारा. लपवू नका. मला त्या दुपारी विचारता आलं नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.