आतली कडी

“उचला, पण हळू. वाकडं होऊ देऊ नका,” सून जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणाली, तेव्हा मला वाटलं ती कपड्यांच्या पिशवीबद्दल बोलतेय. पण पिशवी केव्हाच वर गेली होती. उरलो होतो मी. प्लास्टिकच्या खुर्चीत मला बसवून एका बाजूने मुलगा आणि दुसऱ्या बाजूने टॅक्सीवाला, असे दोघे मला वर नेत होते. आयुष्यभर मी लोकांची कपाटं अशी वर चढवली. कपाटाशी निदान कोणी बोलत नाही. हा टॅक्सीवाला मात्र दर पायरीला म्हणत होता, “शाब्बास आजोबा, आलं बघा घर.” मी एकसष्ट वर्षांचा आहे. त्याचेही केस चांगलेच पिकलेले होते.

मला सगळे मिस्त्री म्हणतात, बायकोसुद्धा. चाळीस वर्षं दारं-खिडक्या बसवण्यात गेली. आणि गेली नऊ वर्षं आतड्याला सूज येते. ती आली की दिवसातून वीस-वीस वेळा जावं लागतं, रक्त पडतं, अंगातलं त्राण जातं, मग हॉस्पिटल, सलाईन, मूठभर गोळ्या. डॉक्टर सांगतात, हा आजार जात नाही, फक्त दबतो. यंदाची आठवी खेप. एकोणीस दिवस ते माझा आजार दाबत होते.

त्या एकोणीस दिवसांची मला अजून शिसारी येते. वॉर्डात बत्तीस खाटा आणि दोन संडास. दोन्हींच्या दारांना कडी नाही. एकाला तर दारच अर्धं. सकाळी नर्स वही घेऊन यायची आणि दारातूनच ओरडायची, “आजोबा, काल किती वेळा झाली?” मी आकडा सांगायचा आणि बत्तीस जणांनी ऐकायचा. शेजारच्या खाटेवरचा शिंपी तर पुढेपुढे माझा आकडा माझ्याआधी सांगायला लागला, आणि तो बरोबर असायचा.

हे सगळं मी गिळलं ते एका आशेवर. घरी जायचं, आपल्या संडासात जायचं आणि आतून कडी लावायची. बाकी मला काही नको होतं. ते दार मी स्वतः केलेलं आहे, एका शाळेच्या मोडीत काढलेल्या बाकांच्या लाकडाचं. जागा चिंचोळी म्हणून ते बाहेर उघडणारं केलं. कडी पितळी, जाड, सरकवली की एकदाच टक् असा आवाज करणारी. रात्री वॉर्डात झोप आली नाही की मी तो आवाज आठवत पडायचो. कोणाला सांगितलं असतं तर हसले असते.

खुर्ची घरात टेकली तशी मी उठलो. बायको पाणी घेऊन आली होती. तिला म्हटलं, “आलोच.” भिंतीला धरत धरत गेलो, आत शिरलो, दार ओढून घेतलं आणि न बघताच कडीवर हात नेला. चाळीस वर्षं हात दारांवर फिरलाय, बघावं लागत नाही. हात गुळगुळीत लाकडावरून घसरला. पुन्हा फिरवला. कडी नव्हती.

वाकून पाहिलं. कडीच काय, स्क्रूची भोकंसुद्धा नव्हती. भुशात सरस कालवून ती भरलेली होती, वरून पॉलिश पेपर मारलेला होता, आणि रंग असा जुळवला होता की नवख्याला सांगूनही तिथे कधी कडी होती हे पटलं नसतं. चौकटीचा एक तुकडाही नवा होता, रेषेला रेष लावून बसवलेला. काम माझ्या मुलाचं. शिकवलेलं मी. ‘कडी काढली की खूण मागे राहता कामा नये,’ हे वाक्य मी त्याला शंभर वेळा ऐकवलेलं आहे. काम उत्तम झालं होतं.

तसाच बसलो. उरकतंय तेवढ्यात दार उघडलंच. सून.

“बाबा, ठीक आहात ना? पाणी टाकू नका हां, आधी बघू दे.”

मी अजून उठलोही नव्हतो. ती माझ्या खांद्यावरून वाकली, पाहिलं, मान हलवली आणि मोबाईलवर काहीतरी करू लागली. फोटो काढतेय की काय, या विचाराने मला दरदरून घाम फुटला. तेवढं तिने केलं नाही. नुसतं लिहिलं. मुलगी वाईट नाही. मी हॉस्पिटलात असताना तीच रोज दोन गाड्या बदलून डबा आणायची, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असल्यामुळे तिला काही बोलता येत नाही, आणि त्याचा जास्तच राग येतो.

पूर्वी आमच्याकडे हे दार बंद दिसलं की टकटक करून विचारायचे, ‘कोण आहे आत?’ चार माणसांत एक संडास, विचारावंच लागतं. मुलगा लहानपणी तर पाय आपटत विचारायचा. आता विचारायचं कारणच उरलं नव्हतं. दार लोटलेलं दिसलं की आत मीच.

जेवताना मऊ भात पुढे आला, मीठ जेमतेम असलेला. दोन घास घेतले आणि मुलाचा मोबाईल वाजला. त्याने नको ते बटण दाबलं असावं. विहीणबाईंचा आवाज सगळ्या घरात घुमला, “अरे वा, घरी आल्यापासून दोनदाच? छान झालं. आणि रंग कसा होता?”

मी चमचा खाली ठेवला.

“हे काय आहे?”

“ग्रुप आहे, बाबा,” मुलगा म्हणाला. “सगळ्यांना एकेकाला फोन करून सांगत बसण्यापेक्षा…”

“किती जण आहेत?”

“अकरा.”

विहीणबाईंसमोर मी आजवर पाय पसरून बसलेलो नाही. लग्नात त्यांनी नमस्कार केला तेव्हा मी खांद्यावरचा टॉवेल काढून मागे लपवला होता. त्या बाईला आता माझ्या पोटातला रंग हवा होता. माझ्या अंगाची मला किळस आली, आणि ते अंग ताटात वाढून अकरा जणांत फिरवणाऱ्यांचीही आली.

“कडी कोणी काढली?”

सून ताटाकडे बघत राहिली. मुलाने हात धुऊन घेतले आणि मग बोलला. “मी काढली. हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी तुम्ही आत पडला होतात, बाबा. आवाज देत नव्हता. दार बाहेर उघडणारं, धक्के मारून फुटणार कसं? तुमचंच काम ते. पटाशी घालून चौकट फोडली. बावीस मिनिटं लागली मला.”

“मग काय झालं? उघडलं ना?”

“उघडलं तेव्हा तुमचा चेहरा काय रंगाचा होता ते तुम्ही नाही पाहिलंत.” त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “आता नाही लावणार मी कडी. काय बोलायचं ते बोला.”

त्याचं म्हणणं खरं होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा किती वीट येऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. बायको पाण्याचे पेले गोळा करत होती.

दुपारी पडल्या पडल्या मला एक म्हातारी शिक्षिका आठवली. दहा-बारा वर्षं झाली असतील. तिच्या मुलांनी मला बोलावून तिच्या खोलीची आतली कडी काढायला सांगितली होती. मी पेचकस चालवत होतो आणि ती पलंगावर बसून बघत होती. तिने विचारलं, “मिस्त्री, हे कोणी सांगितलं?” मी म्हटलं, “मुलांनी.” ती मग म्हणाली, “भोकं तरी नीट बुजवा.” मी नीट बुजवली. इतकी नीट की मुलांनी कौतुक केलं, चहा दिला, आणि मी तो तिच्याच खोलीच्या दारात उभं राहून प्यालो. तिने वर पाहिलं नव्हतं. मी आपला कामावर खूश होतो. तो चहा आता घशाशी आला.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर आणि सून बाजारात गेली, तशी मी हत्यारांची पेटी ओढून काढली. कडी सापडली. मुलाने ती फेकली नव्हती. कागदात गुंडाळून, चारही स्क्रू सोबत ठेवून, स्क्रूंच्या डब्यात घातली होती. हेही मीच शिकवलेलं.

स्टूल घेऊन दाराशी बसलो. कडी जागेवर धरली, स्क्रू टेकवला, पेचकस लावला आणि जोर केला. जोर आलाच नाही. मनगट नुसतं फिरलं, पेचकस निसटला आणि मुलाच्या त्या सुंदर पॉलिशवर बोटभर ओरखडा उमटला. पुन्हा लावला. दुसरा ओरखडा. तिसऱ्या खेपेला स्क्रूच हातातून पडला आणि संडासाच्या कोपऱ्यात गेला. तो उचलायला वाकलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून तिथेच ओल्या फरशीवर बसलो. एकेका दिवसात चौदा-चौदा दारं उभी केलीत मी. आता एक स्क्रू जात नव्हता, आणि तोही माझ्याच घरात. लाज वाटली असं म्हणणार होतो, पण लाज नव्हती ती. किळसच होती.

“उठा,” बायको मागून म्हणाली. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे.

“तू जा इथून.”

ती गेली नाही. मला काखेत धरून तिने उठवलं, स्टुलावर बसवलं, स्क्रू उचलून डब्यात टाकला. मग दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“त्या दिवशी मी इथेच होते,” ती म्हणाली. “तो चौकट फोडत होता आणि मी दाराला कान लावून. आतून काही ऐकू येईना. बावीस मिनिटं तो म्हणतो. मी मोजली नाहीत.”

“म्हणजे तूही त्यांच्याच बाजूची.”

“मी कोणाच्या बाजूची नाही. कडी लावू देणार नाही, एवढंच.”

“मग काय, दार उघडं टाकून बसू? बोलाव विहीणबाईंना, समोर बसव.”

ती हसली नाही. आत गेली. कपाट उघडल्याचा, मग कात्रीचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात हातभर लांबीची सुती दोरी होती, कपड्यांचं गाठोडं बांधायची. तिने एक टोक दाराच्या आतल्या मुठीला बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

“बसलात की धरून ठेवायची. कोणी ओढलं तर कळेल त्याला.”

“आणि मी पडलो तर?”

“पडलात तर हातातून सुटेल. दार ओढलं की उघडेल.” मग म्हणाली, “हाताला गुंडाळायची मात्र नाही. शपथ आहे.”

मी दोरीकडे पाहत बसलो. चाळीस वर्षं मी लोकांना कड्या, कोयंडे, खिट्ट्या, अडसर लावून दिले. मला हे सुचलं नव्हतं. तसं तिला म्हणालो मात्र नाही. म्हटलं, “गाठ बरी मारलीस.”

“मूठ तेवढी बघा, हलतेय,” ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

संध्याकाळी पोटात पुन्हा पीळ पडला. मी गेलो, दार ओढून घेतलं, दोरी मुठीत धरली. गुंडाळली नाही. थोड्या वेळाने मुलाच्या चपला बाहेर वाजल्या. तो कामावरून आला की आधी हात-पाय धुतो. आज पावलं सरळ माझ्या दाराशी आली आणि दार बाहेर ओढलं गेलं.

दोरी ताणली. मी दोन्ही हातांनी धरली. दार बोटभर उघडलेलं होतं आणि त्या फटीतून मला त्याच्या शर्टाची बाही दिसत होती, भुसा लागलेली. त्याच्या अंगात दहा जणांची ताकद आहे. नुसत्या करंगळीने ओढलं असतं तरी मी दोरीसकट बाहेर आलो असतो, आणि हे त्याच्याही हाताला कळलं असणार. मी सोडली नाही.

त्याने मूठ सोडली. दार परत चौकटीला टेकलं. बाहेर काही हालचाल नव्हती, पण तो गेलाही नव्हता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मग दारावर दोनदा टकटक झालं.

“कोण आहे आत?”

“मी आहे,” मी म्हटलं. “वेळ लागेल.”