दुर्बिणीची वेळ

घरी तिला सगळे ताई म्हणायचे आणि कामावरही तेच नाव चिकटलं होतं. ती रेडिओ दुर्बिणीवर खगोलशास्त्रज्ञ होती. त्या वर्षी एका क्वासारनं, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेत कृष्णविवराभोवती पेटलेल्या गाभ्यानं, अचानक उचल खाल्ली. त्याच्या रेडिओ लहरी एकदम वाढल्या. ताईची दुर्बीण आणि समुद्रापलीकडची एक, दोन्ही एकाच वेळी त्याच्यावर रोखायच्या आणि नोंदी मागाहून जुळवायच्या, असं ठरलं. ही वेळ मिळवायला तिनं समित्यांचे उंबरे झिजवले होते.

नेमके तेव्हाच बाबा आजारी पडून दवाखान्यात दाखल झाले. धाकट्या भावानं ऑफिसात निरोप ठेवला, निघून ये. ताईनं उलट निरोप धाडला, उद्या संध्याकाळी मोकळी होते, तोवर तू आहेसच की. तो आहेच, हे घरात कायम गृहीत धरलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर एकाएकी काटेरी रेघा उठल्या. आकाशातला सिग्नल इतका क्षीण, की आवारात एक मोबाइल चालू असला तरी त्याला गिळून टाकतो. म्हणून फोन फाटकावरच जमा करायचा नियम होता. ताई तणतणत बाहेर आली. पायऱ्यांशी भाऊ उभा होता. रखवालदाराला न जुमानता तो गाडी आत घेऊन आला होता.

"आधी तो फोन बंद कर," ती म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं फोन काढून बंद केला.

"केला. बाबा सकाळीच गेले, ताई. इथं फोन लावला, तर ऑफिसातले म्हणाले, काम संपेपर्यंत मला बोलवू नका, असं तूच सांगून ठेवलंयस."

तशातही, आत पडदा निवळला असेल का, हा विचार तिच्या मनात येऊन गेलाच. तिला स्वतःची किळस आली.

ती तशीच त्याच्या गाडीत बसली. घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊ शांतपणे सांगत राहिला, ताईला वेळ नव्हता हो, ताऱ्यांचं काम असतं तिचं. क्वासार म्हणजे तारा नव्हे, हे तिच्या ओठावर आलं आणि तिनं ते गिळलं.

पुढं नोंदी जुळवायला घेतल्या तेव्हा कळलं, पलीकडच्या दुर्बिणीचं घड्याळ बिघडलेलं होतं. वेळच जुळेना म्हटल्यावर दोन्हीकडचं सगळं कचऱ्यात. तोवर क्वासारही निवला होता.

आईनं एकदा सहज विचारलं, "झालं का गं तुझं काम?"

भाऊ पेपरातून मान वर न करता ऐकत होता.

"झालं," ताई म्हणाली.