सात मिलिमीटर

“पाय सैल सोड. दगडासारखा काय धरून ठेवलायस?”

“सैलच आहे, ताई. तुमचं जेलच बर्फासारखं गार आहे.”

ताईंनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली आणि सोनोग्राफीचा प्रोब वाटीखाली टेकवला. टेबलावरची मुलगी तिहेरी उडीची खेळाडू. सगळं क्रीडासंकुल तिला टोळ म्हणायचं आणि तीही त्या नावाला खुशाल ओ द्यायची. महिनाभर गुडघा दुखत होता. ‘सराव वाढला की दुखणारच,’ असं म्हणून कोच सरांनी तो महिना काढला होता.

पडद्यावर कंडरा दिसू लागली. वाटीला नडगीच्या हाडाशी बांधून ठेवणारी दोरी. धड असली की विंचरलेल्या केसांसारखी दिसते, रेघेला रेघ लागून. हिच्या दोरीत, वरच्या टोकाला, काळं भगदाड होतं. प्रोब जरा तिरका झाला तरी असा डाग दिसून फसगत होते, म्हणून ताईंनी हात सरळ केला, मग आडवा, मग गुडघा थोडा अधिक वाकवून. तिन्हीकडून तेच. जाडी अकरा मिलिमीटर, त्यातली सात फाटलेली.

“किती दिवस?” मागे उभे असलेले कोच सर म्हणाले.

“तीन-चार महिने उडी बंद.”

“मॅडम, नऊ दिवसांनी निवड चाचणी आहे.”

“मग दहाव्या दिवशी तुम्हीच तिला उचलून आणा.”

एकोणीस वर्षं ताई रुग्णालयाच्या या खोलीत तंत्रज्ञ म्हणून काम करत होत्या. त्यांनी मोजायचं, लिहायचं आणि वरच्या मजल्यावरच्या मोठ्या डॉक्टरांनी सही करायची, अशी रीत. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या हाती अहवालाची प्रत पडली, तेव्हा त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. ‘कंडरेस किरकोळ सूज. खेळण्यास हरकत नाही.’ सात मिलिमीटर कुठेच नव्हते.

त्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेल्या.

“डॉक्टर, हे मी लिहिलेलं नाही.”

“सही माझी आहे ना? मग तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेताय?”

“तुम्ही चित्रं उघडून तरी पाहिलीत का?”

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. “चार वर्षांनी एक मुलगी इथवर पोचलीय. सगळ्यांचं लक्ष आहे तिच्यावर. एक इंजेक्शन दिलं की निघेल तेवढा दिवस.”

“आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी?”

डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि पुढची फाईल ओढली.

घरी नवरा म्हणाला, “तुझं काम चित्र काढायचं. ते काढलंस. आता सोड ना.” ताईंनी हातातलं पातेलं इतक्या जोरात आदळलं, की शेजारणीने भिंतीवर थाप मारली.

सकाळी त्या थेट मैदानावर गेल्या. टोळ बुटांच्या नाड्या आवळत बसली होती. ताईंनी तिला सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

“पण डॉक्टरांनी तर सूज लिहिलीय, ताई.”

“खोटं लिहिलंय.”

मुलीने नाडीची गाठ पक्की केली. “एकदाच उडू द्या. मग तुम्ही म्हणाल तितके महिने झोपून राहीन.”

तेवढ्यात कोच सर शिट्टी फुंकत आले. “मशीनवाल्यांनी मशीनपाशी बसावं. माझ्या पोरीला घाबरवू नका.”

ताईंनी तिथंच हात धरून तिला उठवायला हवं होतं. नाही उठवलं. पुढे कित्येक दिवस त्यांना डॉक्टरांइतकाच स्वतःचाही संताप येत राहिला.

निवड चाचणीत तिसऱ्या उडीसाठी पाय टेकताच दोरी तुटली. वाटी सरकून मांडीवर चढली होती. टोळ वाळूपर्यंत पोचलीच नाही.

मग चौकशी बसली. टेबलापलीकडे तीन माणसं, पाण्याचे पेले, आणि मोठे डॉक्टर अगदी शांत आवाजात सांगत होते, “तंत्रज्ञांनी प्रोब तिरका धरला असावा. चित्र संदिग्ध होतं. त्यावरून मी काय ठरवणार?”

कोच सरांनी मान डोलावली.

ताई उठल्या. संगणकावर त्यांनी तिन्ही चित्रं उघडली आणि पडदा त्या तिघांकडे वळवला. “हे सरळ. हे आडवं. हे वाकवून. खाली तारीख आहे, वेळ आहे. ही सात मिलिमीटरची चीर आहे. तिरकं काही असेल तर या खोलीत शोधा, माझ्या हातात नाही.”

एकाने घसा खाकरला. दुसऱ्याने घड्याळ पाहिलं.

दीड महिन्याने निकाल आला. डॉक्टरांना समज देण्यात आली. कोच सरांना नवी तुकडी मिळाली. ताईंची ‘सेवेच्या सोयीसाठी’ प्रसूती विभागात बदली झाली.

तिथं त्या पोटातली बाळं बघू लागल्या. डोकं, पाठीचा कणा, ठोके. काम वाईट नव्हतं. तरी कुणी सहज ‘तिकडे कंटाळला होतात वाटतं?’ असं विचारलं, की जबडा आवळला जायचा.

एका दुपारी गरोदर बायकांच्या रांगेच्या शेवटी टोळ बसलेली दिसली. शस्त्रक्रियेला सात महिने झाले होते. बाजूला काठी होती.

“इथं कशाला आलीस? तिकडे नवा माणूस आहे की.”

“त्याच्या कागदावर ‘समाधानकारक’ लिहिलंय,” ती म्हणाली. “मला तुमच्याकडून ऐकायचंय.”

ताईंनी शेवटची बाई होऊ दिली, मग दार लावलं. दोरी जुळली होती, पण जाड, गाठाळ, रेघा विस्कटलेल्या. त्या पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. बघून बदलणार काहीच नव्हतं.

“सांगा ना.”

“चालशील. काठी सुटेल. जिने चढशील.” ताईंनी प्रोब उचलला. “उडी नाही.”

मुलीने डोळे मिटले. मग स्वतःच कागद ओढून गुडघ्यावरचं जेल स्वच्छ पुसलं.

अवघडलेल्या बायकांसाठी टेबलाला दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा लावलेला होता. ताई हात द्यायला पुढे झाल्या.

“नको, ताई. जमेल.”

टेबलाची कड धरून ती एक पायरी उतरली. थांबली. मग दुसरी उतरली.