डाव्या पिळाची तार

लाटंबार्से गावच्या सुशीलेला ती मांजरी काजू वेचताना सापडली. सुक्या पानांत पडून होती, कान कुत्र्याने फाडलेला, अंगात नुसती हाडं. सुशीलेने तिला ओच्यात घालून घरी आणलं, कानाला हळद लावली, पेज पाजली. रंगावरून तिचं नाव भुरी पडलं.

पंधरा दिवसांत कान सुकला, पण भुरी काही अंग धरीना. बांगड्याचे चार घास खाऊन ताटली सोडायची. पोटाखाली हात घालून उचललं की अशी ओरडायची, की शेजारची समीक्षा धावत यायची. गाभण असेल, असं सुशीलेला वाटत होतं. समीक्षाला ते पटेना. शेवटी दोघी भुरीला टोपलीत घालून बसने डिचोलीला, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

बाईंनी पोटावरचे केस कापले आणि त्यांचा हात थांबला. कमरेभोवती खोल खाच होती, तिच्यावर कातडी वाढलेली, आणि आत तार. मांजरी फासकीत सापडली असावी, ओढून ओढून तार तुटली आणि फास अंगावरच राहिला, दोन महिने तरी झाले असतील, असं त्यांनी सांगितलं. भूल देऊन त्यांनी तार काढली. सुशीलेने ती मागून घेतली.

स्कूटरच्या क्लचची तार होती. तिचा पीळ उलटा, डावीकडे घातलेला. सुशीलेचा नवरा विठू डावखुरा. दोरी असो की कुंपणाची तार, त्याचा पीळ असाच पडायचा.

ती घरी आली तेव्हा विठू पडवीत कोयत्याला धार लावत होता. तिने तार त्याच्यासमोर ठेवली.

"हो पीळ तुमचो?"

त्याने तार बोटांनी चाचपून पाहिली.

"माझोच. रानडुकरांसाठी लावलेलो. मांजर अडकात, ह्या मनातय इला नाय."

"कोण इला ता फासाक कसा कळतला?"

एवढंच बोलून तिने टोपली आत नेली. गेल्या साली फासात सापडलेल्या डुकराचं मटण तिनेच रांधलं होतं आणि चवीने खाल्लंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठू काजूच्या बागेत निघाला, तशी तीही मागोमाग गेली. तो एकेक फास सोडवत चालला. व्हाळाच्या पाण्याकाठच्या शेवटच्या फासात एक साळिंदर मरून पडलं होतं. विठूने तिथेच खड्डा खणला. साळिंदराचे काटे लोक हौसेने घरी नेतात. त्याने एकही घेतला नाही.

त्या पावसाळ्यात डुकरांनी रताळ्यांचा मळा उकरला. विठूने काटेरी कुंपण घातलं, रात्री डबे बडवले, तरी निम्मा मळा गेला. आता हा पुन्हा फास लावतो की काय, म्हणून सुशीला त्याच्याकडे पाहत राहायची. त्याने लावला नाही.

भुरी अंगाने भरली, पण कमरेची खाच राहिली, तिथे केस उगवले नाहीत. सुशीलेच्या मांडीवर ती बसायची. विठूची चाहूल लागली की मात्र उठून जायची. त्याला ते लागायचं, पण त्याने तिला कधी हाक मारली नाही. सुशीला बाहेरगावी गेली की तोच भातात बांगडा कालवून चुलीपाशी ठेवायचा आणि भुरीला खाता यावं म्हणून स्वतः पडवीत जाऊन, पाठ फिरवून बसायचा.